एलडीएल ८४ आणि विरळणीची कात्री

डिसेंबरचा दुसरा आठवडा, रात्रीचे साडेनऊ. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावातून ५२ वर्षांच्या मावशींना त्यांचा मुलगा आणि सून आमच्या हॉस्पिटलात घेऊन आले. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

तक्रार काय, तर पित्त. दुपारपासून पोटाच्या तोंडाशी जळजळ, दोनदा उलटी, जबडा जड झालेला, आणि नाशिकच्या त्या थंडीत ब्लाउज भिजेल इतका घाम. घरी खायचा सोडा झाला, जिरं-साखर झाली, मेडिकलवरून आणलेली पित्ताची गोळी झाली. छातीत कळ अशी आलीच नाही. मुलगा म्हणाला, "आई कुरकुर करणारी नाही साहेब. पण आज हातातून कात्री पडली आणि ती तिथंच बसून राहिली, तेव्हा मी गाडी काढली."

ही कात्री विरळणीची. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत मणी सुटायला लागले की बाया मांडवाखाली मान वर करून उभ्या राहतात आणि घडातले जादा मणी बारीक टोकाच्या कात्रीनं टिपतात. दिवसभरात हजारो वेळा बोटं मिटतात-उघडतात. मावशींची कात्री सुनेच्या पिशवीत आली होती. तिच्या दोन्ही कड्यांवर जुन्या लुगड्याची चिंधी इतकी जाड गुंडाळलेली की कडी कुठली ते ओळखू येईना. बोटं पूर्ण मिटत नाहीत, म्हणून मूठच जाड करून घेतलेली. कॅज्युअल्टीत त्या कात्रीकडे मी नुसतं पाहिलं. ईसीजी बघायची घाई होती.

ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण (व्ही-४ ते व्ही-६ मध्ये एसटीचा भाग खाली दबलेला), आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते ट्रोपोनिनही वाढलेलं. एनस्टेमी प्रकारचा हार्ट अ‍ॅटॅक. बाईमाणसाचा अ‍ॅटॅक असा पित्ताच्या वेषात येतो हे आम्ही दर हिवाळ्यात बघतो, त्यामुळे निदानात फार काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीच्या मधल्या भागात ९० टक्के अडथळा आणि त्यावर गुठळी दिसली. स्टेंट बसला. महात्मा फुले योजनेतून खर्च भागला. इथपर्यंत ही केस रोजचीच.

मग मुलानं बाहेर मला थांबवून विचारलं, "साहेब, आईचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं ना? तुम्हीच म्हणाला होता."

म्हणालो होतो. दोन वर्षांपूर्वी मावशी नवऱ्याच्या बीपीसाठी त्याच्यासोबत माझ्या ओपीडीत आल्या होत्या आणि जाता जाता गावातल्या शिबिरात काढलेला स्वतःचा रिपोर्ट पुढे केला होता. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ८८. कागदावर नजर टाकून मी म्हणालो होतो, "मावशी, तुमचं एकदम छान आहे, बिनधास्त राहा." आता अ‍ॅडमिट झाल्यावर काढलेला रिपोर्ट असा: टोटल कोलेस्टेरॉल १४८, एलडीएल ८४, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड १५०. साखर सीमेवर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ५.९. बीपी १३८/८६. या आकड्यांवर ५२ व्या वर्षी बाईची धमनी ९० टक्के बंद का व्हावी, याचं उत्तर या कागदात नव्हतं.

ते दुसऱ्या कागदात होतं. हिमोग्लोबिन ९.६. प्लेटलेट ४ लाख ६० हजार. अंगात दाह चालू असल्याचं सांगणारा ईएसआर ७८. दाहाचीच दुसरी खूण, सीआरपी ४२, जे निरोगी माणसात बहुधा ३ च्या आत असतं. आणि त्या चिंधी गुंडाळलेल्या कात्रीत होतं.

आठ वर्षांची बोटं

मावशींना संधिवात होता. गुडघे झिजतात तो नव्हे, आमवात म्हणतात तो, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते तो. बोटांची मधली पेरं सुजून चाफेकळीसारखी झालेली, मनगटं कडक. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे, म्हणून चुलीजवळ हात शेकून मगच भाकरी थापायच्या. आठ वर्षं हे चालू होतं आणि निदान कागदावर कुठंच नव्हतं. आमवाताच्या रक्तचाचण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह आले ते आत्ता, अ‍ॅटॅकनंतर.

आठ वर्षं मग उपचार कसला? तर पुडीचा. आठवड्याला एक पुडी, तीत सुट्या गोळ्या: दोन पांढऱ्या, एक पिवळी, एक लाल. कोण देतं हे मी विचारलं, पण इथं लिहीत नाही. अशी पुडी जिल्ह्यात कुठं मिळत नाही असं गाव दाखवणं अवघड आहे. पुडीनं मावशींना दोन तासांत मोकळं वाटायचं. मजुरीच्या बाया मिळेनात अशा दिवसांत त्याच पुडीच्या जोरावर त्यांनी घरची तीन एकर बाग सांभाळली. चेहरा गोल झाला, गाल भरले, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "आता कशी तब्येत सुधारली!" ती तब्येत नव्हती, स्टेरॉइडची सूज होती.

हे आम्हाला कळलं मात्र चुकीच्या वेळी. स्टेंटनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे बीपी ८४/५० वर आलं. उलट्या, ग्लानी, सोडियम १२६ आणि साखर ६२, दोन्ही खाली. अशा वेळी डोक्यात येतं ते हृदयाचंच. स्टेंट बंद पडला का? ईसीजी बदललेला नव्हता. हृदयाभोवती रक्त साचलं का? एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली, स्वच्छ. पोटात रक्तस्राव? हिमोग्लोबिन तेवढंच. रात्रपाळीच्या सिस्टरनं सुनेला बाजूला घेऊन साधा प्रश्न केला, "घरी रोज काही घेत होत्या का, जे इथं चुकलंय?" सुनेनं ब्लाउजमधून घडी घातलेली पुडी काढली. डॉक्टर रागावतील म्हणून लपवली होती.

वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपलं काम विसरतात. एकदम बंद केलं आणि वर आजारपणाचा ताण आला, तर शरीराकडे स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, उरतच नाही. कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून घेतलं आणि त्याचंच औषधी रूप, हायड्रोकॉर्टिसोन, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. दुपारपर्यंत बीपी ११० आणि मावशी चहा मागत होत्या. ही केस मी कनिष्ठ डॉक्टरांना सांगतो तेव्हा याच जागी थांबतो. 'पुडी आहे का' हा प्रश्न दाखल करतानाच विचारायचा, आणि अशा आवाजात विचारायचा की खरं उत्तर मिळेल.

सांध्यातला दाह धमनीत कसा पोचतो

दाह म्हटलं की डोळ्यासमोर लालपणा, सूज, उष्णता आणि ठणका येतो. रोमन लेखक सेल्सस यानं पहिल्या शतकात हीच चार लक्षणं नोंदवली. बोटाच्या पेराला ती चारही दिसतात. धमनीच्या भिंतीत यातलं एकही दिसत नाही की जाणवत नाही, आणि सगळी गोची तिथं आहे.

धमनी म्हणजे पाण्याची पाइपलाइन आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचणारा क्षार, हे चित्र आम्ही डॉक्टरांनीच पेशंटच्या डोक्यात बसवलंय. समजावायला सोपं आहे, पण खोटं आहे. चरबी पाइपच्या आतल्या बाजूला चिकटत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. एलडीएलचे कण आतल्या अस्तराखाली अडकतात, तिथं त्यांच्यात रासायनिक बदल होतात, आणि शरीराला ते परके वाटू लागतात. पांढऱ्या पेशी त्यांच्या मागे भिंतीत शिरतात, चरबी गिळून फुगतात, मरतात, आणि मरताना आणखी पेशींना बोलावतात. कोलेस्टेरॉलचे स्फटिक पेशींच्या आतली धोक्याची घंटा वाजवतात आणि दाहाचा निरोप पोचवणारं इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं. त्यापाठोपाठ इंटरल्युकिन-६. ते यकृताला पोचलं की यकृत सीआरपी तयार करतं. म्हणजे रक्तात सापडणारा सीआरपी हा आगीचा धूर. आग दुसरीकडे असते.

या चरबीच्या गोळ्यावर शरीर तंतूंचं एक आवरण घालतं. आवरण जाड असेल तर माणूस आयुष्यभर काही न होता जगू शकतो. पण आतल्या पेशी ते आवरण कुरतडणारी विकरं सोडत राहिल्या, तर ते पातळ होत एक दिवस फाटतं. आतला मालमसाला रक्ताला लागला की काही मिनिटांत गुठळी. म्हणून कालपर्यंत ५० टक्केच अरुंद असलेली जागा आज अ‍ॅटॅक देऊन जाते आणि ८० टक्क्यांची जुनी, घट्ट जागा वर्षानुवर्षं शांत राहते.

ही कल्पना नवी नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकातच धमनीच्या या रोगात दाह असल्याचं मांडलं होतं. पुढे १९१३ मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर तयार करून दाखवले, आणि मग जगाचं लक्ष बराच काळ चरबीवर राहिलं. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी 'अथेरोस्क्लेरोसिस हा दाहाचा आजार आहे' असं शीर्षकातच लिहून टाकलं. चरबी विरुद्ध दाह असं भांडण लावण्यात अर्थ नाही. चरबी नसती तर तिथं दाहाला सरपणच मिळालं नसतं.

आता मावशींच्या शरीरात काय होतं ते बघा. सांध्यांच्या अस्तरात आठ वर्षं हेच इंटरल्युकिन-६ आणि त्याचा जोडीदार टीएनएफ तयार होत होते, आणि ते सांध्यापुरते थांबत नाहीत, रक्तातून सगळीकडे जातात. धमनीचं अस्तर चिकट होतं, फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट वाढून रक्त गोठायला अधीर होतं, चांगलं म्हणवणारं एचडीएल आपलं सफाईचं काम नीट करीनासं होतं. आमवात असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना तर सांगते की ज्या धोका-गणितात आमवात धरलेला नाही, त्याचं उत्तर दीडनं गुणा.

आणि एलडीएल ८४ कसं? यालाच लिपिड पॅराडॉक्स म्हणतात. दाह चढलेला असताना शरीर एलडीएल झपाट्यानं खर्च करतं, त्यामुळे रक्तातला आकडा खाली येतो. धोका वर जातो आणि रिपोर्ट सुंदर दिसतो. दाह आटोक्यात आला की तोच आकडा वर चढतो. दोन वर्षांपूर्वी मी ज्या ८८ वर खूश झालो, तो आकडा तब्येतीचं नव्हे, आजाराचं लक्षण होता. माझ्यासमोर तेव्हा हातही होते. मी रिपोर्टाकडे बघितलं, हातांकडे बघितलं नाही.

दुखणं गेलं, दाह गेला नाही

पुडीतली लाल गोळी डायक्लोफेनॅक असावी असा आमचा अंदाज. सुटी गोळी, नाव नाही, खात्री करता येत नाही. डायक्लोफेनॅक हे हृदयाच्या बाबतीत वेदनाशामकांतलं नावाजलेलं वाईट कार्टं आहे. जास्त डोसमध्ये नियमित घेतलं तर हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटनांचा (हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात, त्यानं मृत्यू) धोका साधारण एक-तृतीयांशानं वाढतो. याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. (हेच डायक्लोफेनॅक जनावरांसाठी आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं, कारण मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. माणसांना ते अजून चण्या-फुटाण्यासारखं मिळतं.)

पेशंटला समजावणं सगळ्यात अवघड जातं ते इथंच. गोळीनं ठणका थांबतो, म्हणून आजार थांबला असं वाटतं. वेदनाशामक सूज थोडी उतरवतं, पण इंटरल्युकिनचा कारखाना चालूच राहतो. स्टेरॉइड कारखाना मंदावतं खरं, पण बदल्यात बीपी, साखर, चरबी वाढवून जातं.

मी पहिल्या दिवशी 'दाह' हा शब्द वापरला आणि फसलो. मावशींनी त्याचा अर्थ अंगातली उष्णता असा लावला. डिस्चार्जनंतर पहिल्या फेरीला कळलं की त्यांनी बाजरीची भाकरी बंद केली, कारण बाजरी उष्ण. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळ-संध्याकाळ सब्जा घातलेलं थंड पाणी सुरू केलं, त्यानं सर्दी झाली. निफाड-दिंडोरीकडे पारा एक आकड्यावर आलेला असताना! बाजरीचा यात काही दोष नाही, उलट त्यातला चोथा चांगलाच. मी परत समजावू लागलो तर मुलगाच म्हणाला, "आई, हे भुरीसारखं. पानावर दिसायच्या आधीच फवारतो ना आपण? दिसल्यावर मारून घड वाचत नाही." भुरी म्हणजे द्राक्षावरची बुरशी; द्राक्षवाल्या घराला यापुढे काही सांगावं लागलं नाही.

काय दिलं, काय नाही दिलं

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन ४०, हे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, त्यात स्टेरॉइड, म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण, म्हणून पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्रॅझोल. ओमेप्रॅझोल टाळलं, ते क्लोपिडोग्रेलची ताकद कमी करतं. एलडीएल ८४ असताना स्टॅटिन कशाला, असं एका नातेवाइकानं विचारलं. अ‍ॅटॅक येऊन गेल्यावर हा प्रश्नच उरत नाही, पण एरवीही त्याला उत्तर आहे. २००८ च्या जुपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली, पण हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी २ किंवा जास्त अशी १७,८०२ माणसं घेतली होती. ज्यांना रोझुवास्टॅटिन मिळालं, त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिन चरबी उतरवता उतरवता दाहही थोडा उतरवतं.

सांध्यांसाठी शहरातल्या संधिवाततज्ज्ञ मॅडमना बोलावलं. आमवात आवरणारं मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आधी छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्या करून. आठवड्यातून एकदाच, १० मिलिग्रॅमपासून १५ पर्यंत, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. हे औषध चुकून रोज घेतलं तर जीव घेतं, आणि ही चूक होते. म्हणून मॅडमनी ते गावच्या बाजाराच्या दिवसाला बांधलं. बाजाराला गेलं की गोळी. बाजार रोज भरत नाही. स्टेरॉइड एकदम न तोडता प्रेडनिसोलोनच्या मोजक्या डोसवर आणून काही महिन्यांत हळूहळू उतरवलं. दुखलं तर पॅरासिटामॉल.

आमवाताच्याच टोफासिटिनिब या औषधाचा विषय निघाला होता. तोंडानं घ्यायची गोळी, काम लवकर, आता परवडण्यासारखीही. मॅडमनी नाही म्हटलं आणि बरोबर केलं. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा धोका असलेल्या आमवाताच्या पेशंटमधल्या चाचणीत, तुलनेच्या टीएनएफरोधक औषधांपेक्षा या गोळीवर हृदयाच्या घटना आणि कर्करोग जास्त दिसले होते. मावशी त्या वर्णनात नेमक्या बसत होत्या.

आता कोल्चिसिन, दाह कमी करणारी एक गोळी. त्यावर आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला.

दाह कमी केला तर अ‍ॅटॅक कमी होतात, हे सिद्ध करायला बराच वेळ लागला. २०१७ मध्ये कँटोस चाचणी आली: अ‍ॅटॅक येऊन गेलेली आणि सीआरपी वाढलेली १०,०६१ माणसं, इंटरल्युकिन-१ बीटाला रोखणारं कॅनाकिनुमॅब दर तीन महिन्यांनी टोचलेलं. १५० मिलिग्रॅमच्या डोसवर घटना १५ टक्क्यांनी कमी, आणि तेही एलडीएल जवळपास जागचं हललं नसताना. एकट्या दाहाला हात लावून हृदय वाचवता येतं याचा तो पहिला भक्कम पुरावा. पण जंतुसंसर्गानं मृत्यू वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, आणि इंजेक्शन इतकं महाग की नाशकात त्याची चर्चा करणं म्हणजे चैन. मग स्वस्त मेथोट्रेक्सेट करून पाहिलं. ४,७८६ माणसांच्या सर्ट चाचणीत फायदा शून्य. हा निकाल वाचून आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, मग मावशींना मेथोट्रेक्सेट कशाला? प्रश्न रास्त होता. पण त्या चाचणीतली माणसं आमवाताची नव्हती, बहुतेकांचा सीआरपी मुळात फारसा वाढलेलाच नव्हता आणि औषधानं तो उतरलाही नाही. जिथं आग नाही तिथं पाणी ओतून काय कळणार? मावशींना औषध दिलं ते सांध्यांसाठी, आणि त्यांच्यात उतरायला सीआरपी ४२ होता.

कोल्चिसिन हे गाउटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजतात त्या आजाराचं, जुनं औषध. श्रावणात त्र्यंबकेश्वर-हरसूलकडच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी फुलते ना, तिच्यात हेच द्रव्य असतं. बाळंतिणीच्या कळा लावते म्हणून कळलावी. कंद खाऊन माणसं मेल्याचं जुन्या लोकांना ठाऊक असतं. तेच विष अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत औषध होतं. २०१९ च्या कोल्कॉट चाचणीत नुकताच अ‍ॅटॅक आलेल्या ४,७४५ जणांत त्यानं घटना २३ टक्क्यांनी कमी केल्या. २०२० मध्ये स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ जणांत ३१ टक्क्यांनी. २०२३ मध्ये अमेरिकेनं हृदयासाठी मान्यताही दिली. गोळी स्वस्त, मग द्या की सगळ्यांना! तेवढ्यात २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जीचा निकाल आला: अ‍ॅटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या ७,०६२ जणांत फायदा काहीच नाही.

मी देण्याच्या बाजूनं होतो, मॅडम विरोधात. त्यांचं म्हणणं असं की बाईंचा दाह कुठून येतो ते आपल्याला माहीत आहे, मग तो झरा बंद करायचा सोडून खाली बादली कशाला लावता? शिवाय मेथोट्रेक्सेटबरोबर पोट बिघडलं तर दोष कुणाचा ते कळणार नाही, आणि मावशी दोन्ही सोडतील. शेवटच्या मुद्द्यावर मी गप्प झालो. खरं तर तोच सगळ्यात वजनदार मुद्दा होता. कोल्चिसिन दिलं नाही. चूक की बरोबर, एका पेशंटवरून ठरत नाही.

हिरड्या

मावशी दिवसातून पाचदा मिश्री लावत. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, बोटानं हिरड्यांवर. पुढचे दोन दात हलत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. हिरड्यांचा जुनाट दाह आणि हृदयविकार एकत्र दिसतात हे नक्की, आमवाताशीही त्याचं नातं आहे. हिरड्या साफ केल्यानं अ‍ॅटॅक टळतो, असं मात्र अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही, त्यामुळे मी तसं सांगत नाही. पण मिश्री धरून ठेवायला एकही कारण नाही. दातांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, तीत ठळक लिहिलं: अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल बंद करू नये. स्टेंट नवा असताना दात साफ करायला म्हणून गोळ्या थांबवून लोक परत अ‍ॅटॅक घेऊन येतात.

तीन महिन्यांनी सीआरपी ६, ईएसआर ३०, हिमोग्लोबिन ११, आणि स्टॅटिन चालू असल्यानं एलडीएल ५८. सकाळचा आखडलेपणा तासावरून दहा मिनिटांवर. सहाव्या महिन्यात मेथोट्रेक्सेटनं यकृताचं एक विकर थोडं वर गेलं, डोस महिनाभर उतरवला, परत चढवला. एवढं चालतं.

या केसनंतर माझ्याकडे उलटी गर्दी सुरू झाली. मुलानं गावात सांगितलं असावं. लोक 'फुल बॉडी' पॅकेजमधला सीआरपी घेऊन येतात, ७ आहे, ९ आहे, हार्टचं काही नाही ना? बहुतेकांना आठवडाभरापूर्वी खोकला झालेला असतो, नाही तर दाढ दुखत असते. हृदयाच्या हिशोबात १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त धरतात; पण १० च्या वर गेला तर हृदयाकडे बघण्याआधी ताप, संसर्ग, सांधे बघायचे आणि बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी परत तपासायचा. एकदाच काढलेल्या सीआरपीवर मी कुणाला औषध देत नाही. लिपिडचा कागद पुढे आला, की मात्र आता आधी टेबलावर दोन्ही हात ठेवायला सांगतो. लोकांना वाटतं, डॉक्टर हस्तरेषा बघायला लागले.

मावशी परवा वर्षाच्या तपासणीला आल्या. मिश्री पाचवरून दोनवर आहे. "सकाळची तेवढी राहू द्या साहेब, तिच्याबिगर परसाकडं होत नाही." मी चिडलो, त्या हसल्या, संक्रांतीनंतरची तारीख ठरली. बागेत परत विरळणी चालू आहे. सुनेच्या पिशवीतून कात्री डोकावत होती, चिंधी तशीच गुंडाळलेली. बोटं आता पूर्ण मिटतात, मग ती कशाला, असं विचारलं.

"आता तिच्याशिवाय कात्री हातात बसत नाही," मावशी म्हणाल्या.